चामखीळ, वांगं आणि घोड्याचा केस

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दिवाळीनंतर त्याच्या उजव्या हाताला नखांच्या कडेला दोन चामखीळ आले. आता दोन्ही हातांना मिळून अकरा झालेत, एक गुडघ्यावर आणि एक ओठाच्या कडेला. सासूबाई म्हणतात रक्त अशुद्ध झालंय, म्हणून वांगं, शेंगदाणे आणि आंबट बंद केलंय. जाऊबाई चुना-सोडा लाव म्हणतात. गावाकडे एक जण घोड्याचा केस बांधून देतात, तिकडे न्यायचं चाललंय. यांच्या मानेवरही पुष्कळ चामखीळ आहेत, त्यांच्यामुळे मुलाला झाले का? शाळेत बाईंनी त्याला वेगळं बसवलंय, पोहण्याच्या क्लासलाही नको म्हणाले. काल रात्री मोबाइलवर शोधलं तर एचपीव्ही आणि कॅन्सर असं वाचायला मिळालं. मला तेरा वर्षांची मुलगीही आहे. तेव्हापासून झोप नाही. हे नक्की होतं कशामुळे, मी काय करू, आणि मुलाचं रक्त तपासून घेऊ का?
— एक आई, बार्शी

उत्तर :

ताई, आज संध्याकाळी त्याला वांग्याची भाजी वाढा, आणि कूट सढळ हाताने घाला. चामखिळाचा पोटात जाणाऱ्या कुठल्याच पदार्थाशी संबंध नाही. रक्ताशी तर नाहीच नाही. त्वचेचं काहीही झालं की आपल्याकडे पहिलं वांगं बंद होतं आणि दुसरं रक्त अशुद्ध ठरतं. मुलांच्या वाढीच्या वयात या पथ्यांनी होतं एवढंच, की ताटातलं कमी होतं आणि चामखीळ जिथल्या तिथे राहतात.

चामखीळ विषाणूमुळे होतो. त्याचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे तुम्ही रात्री वाचलेला एचपीव्हीच. पण थांबा, घाबरू नका. हा एक विषाणू नव्हे, मोठं खानदान आहे. दोनशेहून जास्त प्रकार आजवर ओळखले गेलेत आणि प्रत्येकाची राहायची जागा ठरलेली असते. हातापायांवर चामखीळ आणणारे प्रकार प्रामुख्याने १, २, ४, २७ आणि ५७ या क्रमांकांचे. कॅन्सरशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते १६ आणि १८ वेगळेच. तुमच्या मुलाच्या बोटांवर जे आहे ते वाढून पुढे कॅन्सर होत नाही, आणि भावाच्या हातावरच्या चामखिळामुळे बहिणीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर होत नाही. मुलीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मला सांगायची आहे, ती पुढे सांगते.

हा विषाणूच आहे हे ठरवलं कसं, तेही ऐका, कारण सासूबाईंना सांगायला उपयोगी पडेल. १९०७ मध्ये चुफो नावाच्या इटालियन डॉक्टरांनी चामखीळ कुटून त्याचा अर्क काढला. जिवाणूसुद्धा पलीकडे जाणार नाहीत अशा बारीक गाळणीतून तो गाळला आणि स्वतःच्याच त्वचेत टोचून घेतला. काही महिन्यांनी तिथे चामखीळ उगवले. म्हणजे जिवाणूपेक्षाही लहान असं काहीतरी त्या अर्कात होतं. पथ्य मोडलं नव्हतं, बेडकाला हात लावला नव्हता, कुणाची दृष्टही लागली नव्हती.

आता तो मुलाच्या बोटात शिरला कसा? धडधाकट, कोरड्या, अखंड त्वचेतून त्याला आत जाता येत नाही. त्याला बारीकशी फट लागते. डोळ्यांना दिसणारही नाही एवढा ओरखडा, सोललेलं नखाजवळचं कातडं, पाण्यात राहून पांढरी पडलेली बोटं, पडून खरचटलेला गुडघा. तेवढ्या वाटेने तो त्वचेच्या बाहेरच्या थराच्या अगदी तळाशी पोचतो. तिथल्या पेशींमध्ये बसतो आणि त्यांना भराभर वाढायला लावतो. कातडं जाड होत जातं, वर येतं, खरखरीत होतं आणि मग आपल्याला ते दिसतं. या सगळ्याला बहुतेक वेळा दोन ते सहा महिने जातात, कधी त्याहून जास्त. दिवाळीनंतर दिसलेला चामखीळ पावसाळ्यात किंवा त्याआधी उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेला असू शकतो. म्हणून कोणाकडून लागला याचा तपास करत बसू नका. सापडणार नाही आणि घरात उगाच तोंडं वाकडी होतील.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रावरूनच कळते. चामखीळ नखांच्या कडेला आणि एक ओठाजवळ. तुमचा मुलगा नखं खातो, नाही तर बोटाचं कातडं दातांनी ओढतो. बघा लक्ष ठेवून, बहुधा टीव्ही पाहताना किंवा गणितं सोडवताना. नखं खाल्ल्याने नखाजवळ फट पडते आणि एका बोटावरचा विषाणू दुसऱ्या बोटावर आणि ओठावर जातो. दोनाचे अकरा असेच झालेत. एखादा दुसऱ्यांकडून आला असेल, पण बाकीचे त्याचे त्यानेच पसरवलेत. वांगं बंद करण्याऐवजी हे बंद झालं असतं तर निम्मं काम झालं होतं. यावर रागावून उपयोग नाही, मुलं मग लपून खातात. नखं आठवड्याला बारीक कापा, कडांना रात्री खोबरेल तेल लावून मऊ ठेवा म्हणजे ओढायला सालच मिळणार नाही, आणि नेलकटर त्याचा एकट्याचा ठेवा.

रक्ताचा मुद्दा अजून संपला नाही, कारण तुम्ही पत्राच्या शेवटी ‘रक्त तपासून घेऊ का’ असंही विचारलं होतं. नका घेऊ. हा विषाणू रक्तात उतरतच नाही. त्वचेच्या ज्या बाहेरच्या थरात तो राहतो त्या थरात रक्तवाहिन्या नसतात. पेशी मारून टाकण्याचा दंगाही तो करत नाही, मुकाट्याने पेशींबरोबर वर सरकतो आणि मेलेल्या कातड्याबरोबर गळून पडतो. म्हणूनच शरीराच्या संरक्षण यंत्रणेला कित्येक महिने त्याचा पत्ता लागत नाही. ताप नाही, सूज नाही, रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल. अशा आजारात ‘रक्तशुद्धी’ची बाटली पाजणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

चामखिळावर काळे ठिपके दिसतात, लोक त्याला मूळ म्हणतात आणि ‘मुळासकट काढून टाका’ असा आग्रह धरतात. मूळबीळ काही नसतं. कातडं वाढताना खालच्या थरातल्या केशवाहिन्या वर ओढल्या जातात, त्यात रक्त साकळतं, तेच हे ठिपके. खोल खणून काढण्यासारखं खाली काहीच नाही. कुणी तुमच्या मुलाच्या बोटात खोलवर कापायला निघालं तर उठून या.

शरीराला एकदा पत्ता लागला की मात्र चित्र बदलतं. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेतली मुलं तपासली तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश मुलांना चामखीळ होते, आणि चामखीळ असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांचे वर्षभरात पूर्ण गेले. दोन वर्षांत साधारण दोन तृतीयांश मुलं मोकळी होतात. मोठ्यांत जास्त वेळ लागतो. गंमत अशी की कधी कधी सगळे एकदमच जातात, पंधरा दिवसांत हात स्वच्छ. कारण एक ओळखला की शरीराला बाकीचे ओळखायला वेळ लागत नाही.

आणि इथेच सगळ्या औषधवाल्यांचं फावतं. मूल महिनोन्महिने चामखीळ घेऊन फिरतं, आई एकेक उपाय करत जाते, आणि ज्या आठवड्यात शरीराला जाग येते त्या आठवड्यात जो उपाय चालू असेल त्याचं नाव होतं. कधी ती केळीची साल असते, कधी गोड गोळ्या, कधी नवस, आणि खरं सांगायचं तर कधी माझं मलमही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. होमिओपॅथीच्या गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बार्शीत कुणी ना कुणी सुचवलंच असेल. १९९२ साली कॅनडात एक चाचणी प्रसिद्ध झाली होती. तळपायाच्या चामखिळांवर थुजासकट तीन होमिओपॅथिक औषधं आणि त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या अशी ती तुलना होती. अठरा आठवड्यांनी दोन्हीकडे बरे झालेल्यांच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक नव्हता. देऊन अपाय होणार नाही, पण पैसे घालवण्याआधी हे माहीत असू द्या.

जाऊबाईंच्या चुना-सोड्याचं तसं नाही. तो अगदीच बिनकामाचा नाही, म्हणून तर मला त्याची जास्त भीती वाटते. ओला चुना आणि कपडे धुण्याचा सोडा एकत्र केला की रासायनिक क्रिया होऊन कॉस्टिक सोडा तयार होतो. नळ तुंबला की आपण जो ओततो तोच. तो चामखीळ जाळतो, शेजारचं कातडंही जाळतो, आणि किती खोल जाळायचं हे त्याला कळत नाही. नखाच्या मुळाशी तो उतरला तर नख आयुष्यभर वेडंवाकडं येतं. ओठाजवळ लावायचा तर विचारही नको. बिब्बाही तसलाच. त्याच्या तेलाने अनेकांना भयंकर अ‍ॅलर्जी होते, बिब्बा उतला की अंगभर फोड येतात. अगरबत्तीचा चटका, ब्लेडने खरवडणं, हे तर मुलाच्या बाबतीत छळच.

घोड्याच्या केसाचं शास्त्र साधं आहे. देठ असलेल्या, लोंबणाऱ्या मांसाला घट्ट फास बसला की रक्त थांबतं आणि ते वाळून पडतं. तुमच्या मुलाचे चामखीळ चपटे, बसके. त्यांना देठच नाही तर फास बसणार कशाला? शिवाय धनुर्वाताचे जिवाणू घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात. तो केस ओल्या जखमेवर बांधायचा, हे मला पटत नाही. सासूबाईंचा मान राखायचा असेल तर त्यांना मुलाच्या हाताला रोज तेल लावायचं काम द्या. तेही मनापासून होईल आणि त्याने नुकसान काही नाही.

मग करायचं काय? तुमच्या मुलासाठी दोन सरळ वाटा आहेत. पहिली, काहीच न करणं. हा आळस नव्हे, नऊ वर्षांच्या मुलाला दुखत नसेल, अडत नसेल, तर हा खरोखरच चांगला निर्णय आहे. पण पत्रावरून मला दिसतंय की शाळेत त्याला त्रास होतोय, म्हणून दुसरी वाट सांगते : सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं द्रावण. औषधाच्या दुकानात साधारण सतरा टक्क्यांच्या आसपासचं मिळतं, बऱ्याचदा लॅक्टिक अ‍ॅसिडसोबत. एकदा आधी डॉक्टरांना हात दाखवून घ्या आणि मग सुरू करा.

रात्री जेवणं झाल्यावर बोटं पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवायची. कातडं मऊ झालं की वरचा पांढरा, मेलेला पापुद्रा नखं घासायच्या कानशीने हलकेच घासायचा, रक्त येईपर्यंत नाही. ही कानस घरात दुसऱ्या कुणी वापरायची नाही. हात कोरडे करा, भोवतीच्या चांगल्या कातड्यावर व्हॅसलीनचं कडं काढा आणि फक्त चामखिळावर एक थेंब लावून वाळू द्या. हे रोज, बारा आठवड्यांपर्यंत. खरी गोम इथेच आहे. बहुतेक घरांत हे दहा दिवस होतं, मग पाहुणे येतात, मग परीक्षा येते आणि मग ‘औषधाने गुण आला नाही’ म्हणून बाटली फ्रिजवर जाऊन बसते. आग झाली, लाल झालं तर दोन-तीन दिवस थांबायचं आणि पुन्हा चालू करायचं. ओठाजवळच्या चामखिळाला मात्र हे लावायचं नाही, चेहऱ्यावर आणि नाजूक जागी कुठेच नाही.

चामखिळावर डक्ट टेप, म्हणजे जाड चिकटपट्टी, चिकटवायचा उपायही तुम्हाला मोबाइलवर दिसेल. २००२ मध्ये एका छोट्या अमेरिकी चाचणीत त्याने कमाल केली होती, नंतरच्या चाचण्यांत ती कमाल काही दिसली नाही.

त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलात तर द्रव नायट्रोजनने गोठवण्याचा पर्याय सांगतील. उणे १९६ अंश तापमानाचा तो द्रव, लावताना चांगलाच झोंबतो, नंतर फोड येतो, आणि दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जावं लागतं. आपल्या सावळ्या कातडीवर कधी कधी पांढरट डाग राहतो, तो भरायला महिने जातात. विजेच्या सुईने जाळलं तर एकाच दिवशी काम होतं, पण भूल द्यावी लागते, व्रण राहू शकतो आणि तरी पुन्हा यायचं ते येतातच. मोठ्यांमध्ये हट्टी चामखिळांसाठी हल्ली एमएमआरची (गोवर-गालगुंड-रुबेलाची) लस किंवा ड जीवनसत्त्व थेट चामखिळात टोचतात, हेतू एवढाच की शरीराचं तिकडे लक्ष जावं. नऊ वर्षांच्या मुलाच्या अकरा चामखिळांवर मी यातलं काहीच पहिल्यांदा करणार नाही. आणि कुठलाही डॉक्टर ‘शंभर टक्के जातील’ म्हणाला तर सावध राहा. ब्रिटनमध्ये २०११ साली तळपायाच्या चामखिळांवर तीव्र सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि गोठवणं यांची तुलना झाली. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत पूर्ण बरे झालेले फक्त १४ टक्के होते. तळपायाचे चामखीळ हातापेक्षा चिवट असतात हे खरं, पण घाईने महागडं काही केल्याने फार फरक पडत नाही एवढं त्यातून दिसतं.

शाळेतल्या बाईंशी स्वतः जाऊन बोला, चिठ्ठी पाठवू नका. वेगळं बसवायचं काहीही कारण नाही. चामखीळ स्पर्शाने पसरतो हे खरं, पण तो कांजिण्यांसारखा शेजारी बसल्याने लागत नाही, आणि प्रत्येक वर्गात दोन-चार मुलांच्या हातांवर तो असतोच, फक्त कुणी मोजत नाही. पोहणंही चालू ठेवा. पूलच्या ओल्या फरशीवरून लागण होऊ शकते म्हणून तिथे त्याने स्वतःची चप्पल घालावी, स्वतःचा टॉवेल वापरावा. हातावरचे चामखीळ वॉटरप्रूफ पट्टीने झाकता येतात. नेदरलँड्समध्येच मुलांवर झालेल्या अभ्यासात पोहण्याच्या तलावापेक्षा घरातली माणसं आणि वर्गातली मुलं हीच लागणीची मोठी वाट दिसली. तेव्हा क्लासच्या सरांना सांगायला तुमच्याकडे मुद्दा आहे. घरात त्याचा टॉवेल वेगळा ठेवा, बस. ताट-वाटी वेगळी करण्याची गरज नाही. अंथरूण वेगळं करण्याचीही नाही.

आता मुलगी. एचपीव्हीचे जे प्रकार गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होतात ते लैंगिक संबंधातून पसरतात, आणि त्यांच्यावर लस आहे. ती असे संबंध सुरू होण्याच्या वयाआधी घेतली तर सर्वांत चांगली लागू पडते, म्हणून नऊ ते चौदा वर्षं हे योग्य वय, या वयात दोन डोस. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस २०२३ पासून मिळते, ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर काम करते. तेरा वर्षं म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर आहात. बालरोगतज्ज्ञांना विचारून पुढच्या एक-दोन महिन्यांत पहिला डोस घेऊन टाका. भावाचे चामखीळ या लशीने जाणार नाहीत, ती वेगळी भानगड, पण त्यांच्यामुळे तुम्ही हे शोधलंत ते बरं झालं.

काही खुणा आल्या तर मात्र घरचे उपाय बाजूला ठेवून दाखवायला जा. चामखिळाभोवती लाली, पू, वाढतं दुखणं. महिन्याभरात दहाचे पन्नास होणं. मोत्यासारखे गुळगुळीत, मधोमध खळगी असलेले दाणे असतील तर ते चामखीळ नव्हेत, मॉलस्कम नावाचा वेगळा विषाणू आहे, मुलांत तोही भरपूर दिसतो आणि त्यावर हे अ‍ॅसिड लावत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणाच्या पायाला ‘कुरूप’ म्हणून वर्षानुवर्षं काही असेल आणि त्यांना मधुमेह असेल, तर कॉर्न कॅप, म्हणजे हेच अ‍ॅसिड असलेली पट्टी, परस्पर चिकटवू देऊ नका. त्यांच्या पायाला ही अ‍ॅसिडं धोक्याची असतात, जखम होते आणि कळतही नाही. पन्नाशीनंतर अचानक उगवलेला, भराभर वाढणारा किंवा रक्त येणारा एकटाच ‘चामखीळ’ चामखीळच असेल असं धरून चालू नका.

राहिले तुमचे मिस्टर. मानेवर, काखेत असलेले मऊ, कातडीच्याच रंगाचे, लोंबणारे ते तुकडे आपण चामखीळच म्हणतो, पण ते मुलाच्या हातावरच्यासारखे विषाणूचे चामखीळ नव्हेत. ते कुणाला लागत नाहीत, मुलाला त्यांच्यामुळे काहीही झालेलं नाही, तेव्हा त्यांना त्यावरून बोल लावला असेल तर मागे घ्या. कातडी कातडीवर घासते तिथे ते येतात, आणि वजन वाढलेल्या, मधुमेह असलेल्या किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांत ते जास्त दिसतात. मानेची कातडीही काळी, जाडसर, मखमली दिसत असेल तर शंका अजून वाढते. तुम्ही मुलाचं रक्त तपासायला निघाला होतात ना, त्याऐवजी यांची उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) करून घ्या.